"बाई, तुम्हाला माहीत होतं?"

या वेळचं पत्र कळव्याच्या एका अनुदानित मराठी शाळेत भूमिती शिकवणाऱ्या वर्गशिक्षिकेचं आहे. नववीची तुकडी, पटावर ६८ मुलं. गणपतीनंतर दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं आणि शाळेने त्यांना 'समुपदेशक शिक्षक' नेमलं. तास मात्र एकही कमी झाला नाही. आता मुलं मधल्या सुट्टीत येऊन सांगतात, रात्री व्हॉट्सॲपवर लिहितात. एक मुलगी उकाड्यातही स्वेटर काढत नाही आणि परवा तिच्या मनगटावर ओरखडे दिसले. "कुणाला सांगू नका" म्हणून तिने बाईंना शपथ घातली आहे. बाई विचारतात, हिचं काय करू, माझं काम नेमकं कुठे संपतं, आणि हे काम नाकारलं तर चालेल का? खाली एक ओळ आहे : "मला आता रात्री झोप लागत नाही."

आधी त्या मुलीबद्दल. तुमच्या झोपेचं आणि शाळेचं नंतर बघू.

ठाणे-कळव्यात स्वेटर घालावा अशी थंडी वर्षातून मोजून दहा-बारा सकाळी पडते, आणि दहा वाजले की तीही उतरते. ऑक्टोबरच्या दुपारी जी मुलगी बाह्या तळहातापर्यंत ओढून बसते ती काहीतरी झाकते आहे, हे तुम्हाला कळलं. प्रशिक्षणामुळे नाही कळलं. जूनपासून तुम्ही तिला रोज बघताय म्हणून कळलं. माझ्यासारख्या आठवड्यातून दोनदा येणाऱ्या समुपदेशकाला ते दिसेपर्यंत नाताळ उजाडला असता.

तिला स्टाफरूममध्ये बोलावू नका. वर्गाच्या हिशेबात स्टाफरूमचं बोलावणं म्हणजे तिने काहीतरी केलंय. तिला काम सांगा. वह्यांचा गठ्ठा प्रयोगशाळेत न्यायचा असेल, सुविचाराचा फळा लिहायचा असेल, काहीही. हात कामात गुंतले की बोला. खुर्चीत समोर बसवलेलं मूल गप्प होतं, शेजारी उभं राहून खडू मोडणारं मूल बोलतं. वाक्य साधं असू द्या : "तुझ्या हातावर खुणा दिसल्या मला. मी रागावले नाहीये. काळजी वाटली म्हणून विचारते." एवढं म्हणून थांबा. हे थांबणं आपल्या शिक्षकांच्या जातीला फार जड जातं. पस्तीस मिनिटांच्या तासात एक मिनिट गप्प राहिलं तरी पर्यवेक्षक खिडकीतून डोकावतील असं वाटतं आपल्याला. तरी थांबा.

ती रडेल किंवा "मांजर चावलं" म्हणेल. दोन्ही चालेल. मांजराचं खोटं पकडायच्या मागे लागू नका. "बरं. पण दुसरं काही असेल तर मला चालेल ऐकायला," एवढं म्हणा आणि दोन दिवसांनी पुन्हा विचारा.

ती बोलायला लागली की तुमच्या तोंडावर तीन-चार वाक्यं येतील, ती गिळा. आईबाबा किती कष्ट करतात, एवढ्याशा गोष्टीसाठी असं करतात का, तू तर हुशार मुलगी. ही वाक्यं प्रेमाचीच असतात, पण मुलीला त्यातून एकच ऐकू येतं की हिलाही कळलं नाही. त्याऐवजी सरळ विचारा, "कधी जगूच नये असं वाटतं का? मरायचा विचार येतो का मनात?" मला ठाऊक आहे, हे वाचूनच तुमच्या पोटात गोळा आला असेल. प्रत्येक कार्यशाळेत कुणीतरी हात वर करून म्हणतंच, "मॅडम, आपणच डोक्यात घातल्यासारखं नाही का होणार?" नाही होत. यावर जगभर अभ्यास झाले आहेत आणि विचारण्याने तो विचार रुजतो असं दिसलेलं नाही. बहुतेक मुलांचे खांदे त्या प्रश्नाने सैल होतात, कारण ज्या शब्दाभोवती ती महिनाभर घोटाळत असतात तो कुणीतरी मोठ्या माणसाने न घाबरता उच्चारलेला असतो.

हातावर खुणा करणारं प्रत्येक मूल मरायलाच निघालेलं नसतं. पुष्कळ मुलं आतलं असह्य झालं की ते बाहेर काढायची ही वाट धरतात. पण म्हणून "नाटकं आहेत" म्हणायची सोय नाही. अशा मुलांना पुढचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. त्यामुळे तिचं उत्तर "नाही" आलं तरी तिला समुपदेशकाकडे पोहोचवायचंच, आठवड्याच्या आत. उत्तर "हो" आलं, आणि कसं-कधी याचाही विचार तिने केलेला असेल, तर त्या दिवशी तुमचे बाकीचे तास गेले असं समजा. तिला एकटं सोडायचं नाही, अगदी स्वच्छतागृहातही नाही. मुख्याध्यापकांना कळवायचं, पालक येईपर्यंत कुणीतरी सोबत बसायचं, तिला पालकांच्या हाती द्यायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवायचं. महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय तुमच्या कळव्यातच आहे. मध्ये अर्धा तास रिकामा असेल तर १४४१६ लावा. ही सरकारची टेलिमानस सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं. मुलीलाच फोन लावायला हवा असं नाही. "माझ्यासमोर चौदा वर्षांची मुलगी बसली आहे, मी शिक्षिका आहे, पुढे काय करू?" असं तुम्हीही विचारू शकता.

आता ती शपथ.

मोडा. पण तिच्यासमोर मोडा. "तुझ्या जिवाचा प्रश्न आहे म्हणून मला सांगावं लागणार. मुख्याध्यापकांना सांगेन, तुझ्या घरी सांगेन. वर्गात कुणाला कळणार नाही. घरी कसं सांगायचं, आधी आईला की बाबांना, ते आपण दोघी ठरवू." ती चिडेल, तुमच्याशी आठवडाभर बोलणार नाही. बोलेल नंतर. आणि पुढच्या मुलापासून शपथ घ्यायच्या आधीच सांगायची सवय लावा की जिवाचा धोका असेल ते सोडून बाकी सगळं माझ्यापाशी राहील.

हे मी शहाणपणातून सांगत नाही. वीसेक वर्षांपूर्वी मी समुपदेशनात नवी होते, त्याआधी सात वर्षं इतिहास-भूगोल शिकवलेला. आठवीतल्या एका मुलाने मला सांगितलं की घरी रोज मार पडतो आणि तो एक दिवस निघून जाणार आहे. सांगायच्या आधी त्याने माझा हात हातात घेऊन वचन घेतलं. मी दिलं. मला वाटलं, विश्वास बसलाय, हळूहळू काढू त्यातून. सहामाहीच्या निकालाच्या दिवशी तो शाळेतून घरी गेला नाही. दोन रात्री. तिसऱ्या दिवशी मनमाडला रेल्वे पोलिसांना सापडला, धड होता, फक्त चपला गेल्या होत्या. मधल्या त्या दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या खोलीत त्याची आई जमिनीवर बसली होती, खुर्ची दिली तरी वर बसेना. मुख्याध्यापकांनी मला हळूच विचारलं, "बाई, तुम्हाला माहीत होतं?" माहीत होतं. ते वाक्य अजून ऐकू येतं मला, आणि त्यात राग नव्हता म्हणून जास्त ऐकू येतं.

तुम्हाला झोप का लागत नाही याचं उत्तर माझ्या मते तिथेच आहे. आपण म्हणतो शिक्षकावर कामाचं ओझं आहे. आहेच. पण कामाने माणूस दमतो, आणि दमलेल्या माणसाला झोप लागते. झोप उडते ती एकट्यालाच माहीत असण्याने. तुमच्या नववीतली एक गोष्ट आज साऱ्या शाळेत फक्त तुम्हाला माहीत आहे. उद्या काही झालं तर "बाई, तुम्हाला माहीत होतं?" हा प्रश्न तुम्हालाच येणार हेही तुम्हाला माहीत आहे. त्यामुळे तुमचं काम कुठे संपतं, याचं उत्तर सरळ आहे : तुम्ही पाहिलंत, ऐकलंत आणि योग्य माणसाच्या हाती दिलंत, की तिथे संपतं. त्यानंतर तुम्ही पुन्हा तिच्या बाई. तिला बरं करायची जबाबदारी तुमची नाही. तिचं प्रमेय चुकलं तर खुशाल लाल शाई वापरा. बाई आपल्याशी पूर्वीसारख्याच वागतात, याचा मुलीला आधार वाटतो.

अडचण अशी की बऱ्याच शाळांत हाती द्यायला हातच नसतो. जरा हिशेब करू. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या मुलांमध्ये मानसिक आजारांचं प्रमाण ७.३ टक्के निघालं होतं. त्या राज्यांत महाराष्ट्र नव्हता, म्हणून तोच आकडा कळव्याला जसाच्या तसा लावता येणार नाही, पण अंदाजाला चालतो. ६८ च्या वर्गात पाच मुलं. पाचवी ते दहावीची बाराशेची शाळा धरली तर ऐंशीच्या वर. आठवड्यातून दोन दिवस येणारी समुपदेशक दिवसाला सात मुलांशी नीट बोलू शकते, म्हणजे आठवड्याला चौदा. एका मुलाची पाळी सहा आठवड्यांनी येईल. तोवर त्याची सहामाही होऊन निकालही लागलेला असेल. आणि ही त्या शाळेची गोष्ट जिथे समुपदेशक मुळात आहे. तुमच्याकडे ती जागा तुम्हालाच देऊन भरली.

यावर आता न्यायालयाचं स्पष्ट म्हणणं आहे, ते तुमच्या मुख्याध्यापकांना दाखवा. २५ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सुखदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणात शैक्षणिक संस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. प्रकरण कोचिंग क्लासच्या विद्यार्थिनीच्या मृत्यूचं होतं, पण तत्त्वं शाळांनाही लागू आहेत, सरकारी आणि खासगी दोन्ही. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथे मुलांच्या मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण घेतलेला किमान एक समुपदेशक, मानसतज्ज्ञ किंवा समाजसेवक नेमायचा. त्याहून लहान शाळेने बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडून घ्यायचं. शिक्षक आणि शिक्षकेतर, दोन्ही कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यायचं. कायदा होईपर्यंत ही तत्त्वं बंधनकारक आहेत. भूमितीच्या बाईंना दोन दिवस बसवून आणलं की ही अट पुरी होते असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही.

त्याच निकालात एक गोष्ट आहे जिला एक पैसा खर्च नाही आणि म्हणूनच कदाचित कुणी तिकडे बघत नाही. गुणांवरून मुलांच्या वेगळ्या बॅच करू नका आणि चारचौघांत मुलांची लाज काढू नका, असं न्यायालय म्हणतं. आता आपल्या शाळा आठवा. 'अ' तुकडी हुशारांची, आणि शेवटची तुकडी ज्यांना शिक्षकसुद्धा "तिकडे कोण जाणार" म्हणतात त्यांची. ठाण्यातल्या एका शाळेत मी पाहिलं, पूर्वपरीक्षेचे पेपर सर्वांत जास्त गुणांपासून उतरत्या क्रमाने वाटायचे, नाव आणि गुण मोठ्याने वाचून. शेवटच्या दहा मुलांना आपला नंबर येईपर्यंतची ती पंधरा मिनिटं कशी जातात ते बाकावर बसून बघा एकदा. फेब्रुवारीत त्यातलीच चार मुलं माझ्याकडे आली, पोटात दुखतं म्हणून. मी त्यांच्या पोटावर काय उपाय करू? मी मुख्याध्यापकांना म्हटलं, पेपर हजेरी क्रमांकाने वाटा. वाटले. दुखणी कमी झाली की नाही ते मी मोजलं नाही, पण पेपर वाटताना वर्गात होणारा तो "हूऽऽ" बंद झाला.

पोटावरून आठवलं. 'मनाचं' ठरवायच्या आधी शरीर बघा. फळा न दिसणारा मुलगा मस्ती करतो, आणि रक्त कमी असलेली मुलगी तिसऱ्या तासाला डोकं टेकते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत आलं की अशा मुलांची नावं आधी काढून ठेवा. वाचता-लिहिताना सातत्याने अडखळणारा, बाकी चलाख असा मुलगा असेल तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अक्षमता धरलेली आहे आणि बोर्डाच्या परीक्षेत सवलती मिळतात, पण त्याची कागदपत्रं दहावीच्या जानेवारीत सुरू करून उपयोग नसतो.

पालकांना बोलावण्याची पण एक रीत आहे. शाळेतून फोन गेला की घरी एकच अर्थ निघतो : तक्रार. कोपरखैरण्याच्या एका मुलीचे वडील बाजार समितीत माथाडी, रात्री भाजीच्या गाड्या उतरवायला जायचे आणि सकाळी नऊला घरी यायचे. त्यांना अकरा वाजता बोलावलं. झोप न झालेला माणूस, वरून "मुलीने काहीतरी केलंय", त्यांनी शाळेच्या जिन्यातच तिला थोबाडीत मारली. चूक वेळ ठरवणाऱ्याची होती, म्हणजे माझी. तेव्हापासून मी पहिलं वाक्य फोनवरच सांगते, "तक्रार नाहीये, मुलगी चांगली आहे, तिच्या तब्येतीबद्दल बोलायचंय." आणि विचारते, "तुम्हाला कधी जमेल?" आईला एकटीला आधी भेटता आलं तर उत्तम, पण घरातूनच मार पडत असेल तर कुणाला बोलवायचं हे मुलीला विचारल्याशिवाय ठरवू नका. कुणीच नको म्हणाली तर १०९८ आहे, मुलांची हेल्पलाइन.

पालकांना आणखी एक भीती असते, "पोलीस केस होईल." ती काढून टाका. मानसिक आरोग्य काळजी कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार जीव देण्याचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरलं जातं आणि तिला शिक्षा करायची नसते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर अशा प्रयत्नाला शिक्षा सांगणारं जुनं कलम ३०९ उरलेलंच नाही. दवाखान्यात नोंद होईल, मुलीवर खटला होणार नाही. हे वाक्य ऐकल्यावर दवाखान्यात जायला तयार झालेले पालक मी पाहिले आहेत.

आणि मग आपल्या गावाचा तो खास नमुना. "ठाण्याला पाठवा हिला." साऱ्या महाराष्ट्रात वेडं म्हणण्याची ही एक रीत आहे, येरवड्याच्या जोडीने, आणि आपण तर ठाण्यातच राहतो. मनोरुग्णालय १९०१ पासून आपल्या शहरात उभं आहे, आणि रिक्षावालासुद्धा पत्ता सांगितला की आरशातून बघतो. मला मिळालेली पहिली समुपदेशनाची खोली व्यायामशाळेच्या सामानाची होती. लेझीम, डंबेल्स, गणपतीचं जुनं मखर. दाराला काच, बाहेर जिना. जो आत गेला त्याला जिन्यावरून "ठाणे स्पेशल" अशी हाक पडायची. मी तीन महिने समजावत बसले, काही झालं नाही. मग वर्गवार यादी करून सगळ्यांनाच पाचपाच मिनिटं बोलावलं, पहिला नंबर हुशार मुलांचा. आठवड्यात चिडवणं थांबलं. काचेला मात्र आधी कागद लावून घेतला.

एक गोष्ट या सगळ्यापेक्षा वेगळी आहे. मूल लैंगिक अत्याचाराबद्दल काही बोललं तर तिथे तुमचा विवेक, मुख्याध्यापकांची परवानगी, संस्थेची अब्रू यातलं काहीच चालत नाही. पॉक्सो कायदा २०१२ चा आहे. कलम १९ प्रमाणे ज्याला कळलं त्याने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायचं असतं. 'ज्याला कळलं' म्हणजे तुम्ही. मुख्याध्यापकांना सांगून तुमची सुटका होत नाही. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही आहेत. संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही तर एक वर्षापर्यंत. बदलापूरला २०२४ च्या ऑगस्टमध्ये काय झालं ते आपल्या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. आणि मुलाची उलटतपासणी करू नका. "कुठे, किती वेळा, तू काय केलंस" हे विचारणं तुमचं काम नाही. त्याने जे शब्द वापरले ते तसेच्या तसे लिहा आणि पुढे कळवा.

लिहिण्यावरून सांगते. एक वेगळी वही करा, पाठांची टाचण वही नको, हजेरीचा कॅटलॉग तर नकोच. तारीख, मूल काय म्हणालं ते त्याच्याच शब्दांत, तुम्ही काय केलंत, कुणाला कळवलंत. बस. 'डिप्रेशन आहे', 'अटेन्शन सीकिंग आहे' असलं काही लिहायचं नाही, ते ठरवायला डॉक्टर आहेत. वही कुलपात. आणि स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक अक्षर टाकायचं नाही, "नववी ब मधली ती उंच मुलगी" असंसुद्धा नाही. मी एका शाळेत पाहिलंय, सकाळी टाकलेला मेसेज दुपारी शिकवणीच्या वर्गात पोहोचला होता.

आता तुम्ही. रात्री मेसेज येतात म्हणालात. तुमचा नंबर मुलांकडे आहे तो आता परत घेता येणार नाही, पण वेळ घालून देता येईल. वर्गात सांगा, "साडेसातनंतर मी फोन बघत नाही. रात्री कुणाला फार वाईट वाटलं तर हा नंबर," आणि फळ्याच्या कोपऱ्यात १४४१६ लिहून ठेवा, पुसू नका असं खाली लिहून. तुम्हाला वाटेल ही टाळाटाळ झाली. पण रात्री अकराला दिवा गावातल्या चाळीतून आलेल्या मेसेजला तुम्ही स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभं राहून काय करणार आहात? तिकडे फोन उचलणारं माणूस जागं आहे आणि ते त्याचंच काम आहे.

दुसरं, स्टाफरूममध्ये एक माणूस धरा. एकच, पोटात ठेवणारा. शाळा सुटल्यावर दहा मिनिटं, नावं न घेता, "आज एक ऐकलं, जड गेलं." सल्ला मागायचा नाही, त्याने द्यायचा नाही. आम्हा समुपदेशकांना असं कुणाकडे तरी जाणं सक्तीचं धरलं जातं, शिक्षकांना मात्र कुणी सांगत नाही. ठाण्यात त्यासाठी बाहेरही दारं आहेत. इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, आपली आयपीएच, डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये इथेच सुरू केली. झोप दोन-तीन आठवडे अशीच राहिली तर मुलांना जे सांगता तेच स्वतः करा आणि डॉक्टरांना भेटा. रजेच्या अर्जात 'वैद्यकीय कारण' एवढंच पुरतं.

बाकी ओझ्याबद्दल मी काय नवं सांगू. यूडायसवर भरायची शाळेची माहिती, मुलांचे अपार आयडी, पोषण आहाराच्या नोंदी, मे महिन्यात पट टिकवायला चाळीचाळीतून फिरणं, शिक्षकांची पदं ठरवणाऱ्या संच मान्यतेत आपण अतिरिक्त तर ठरत नाही ना ही धाकधूक. तुमच्या शाळेतल्या आठवीपर्यंतच्या सहकाऱ्यांवर तर सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने टीईटीची, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचीही टांगती तलवार आली : पाच वर्षांहून जास्त सेवा उरलेल्यांनी दोन वर्षांत ती पास व्हायची. पंचवीस वर्षं शिकवलेला माणूस रात्री अभ्यासाला बसलेला मी पाहते आणि तोच सकाळी वर्गात परीक्षेच्या भीतीवर बोलतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये शिक्षकांना देता येणारी शिक्षणेतर कामं तीनच आहेत, दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक. ती यादी छोटी आहे, तिच्यातल्या 'निवडणूक' या शब्दाचं पोट मोठं आहे.

शेवटी, नाकारलं तर चालेल का. चालेल, पण मी तुमच्या जागी असते तर नुसतं "नको" म्हटलं नसतं. तोंडी नकार दिला की तुम्ही काम टाळणाऱ्या ठरता आणि वही दुसऱ्या कुणा तरुण शिक्षण सेवक मुलीच्या गळ्यात पडते, जिला नाही म्हणताच येत नाही. त्याऐवजी पत्र द्या, एक पानाचं. लिहा की मी मुलांचं ऐकायला आणि पुढे पोहोचवायला तयार आहे, उपचार करायचं माझं शिक्षण नाही. मग मागा. पुढे कुणाकडे पोहोचवायचं त्या समुपदेशकाचं नाव शाळेने ठरवून द्यावं, बाहेरचा असला तरी चालेल. मी रजेवर असताना हे कोण बघणार ते ठरावं. आठवड्याचे दोन तास कमी व्हावेत, आणि बदली तासांतून मला वगळावं. एक खोली मिळावी, जिच्या काचेला कागद असेल. २५ जुलै २०२५ च्या निकालाचा उल्लेख करा, धमकीच्या सुरात नको, 'संदर्भ' म्हणून वर एका ओळीत. दोन तास मिळणार नाहीत, एक मिळेल, तो घ्या. समुपदेशकाचं नाव मात्र सोडू नका. त्या एका नावाशिवाय बाकी सगळं मिळून काही उपयोग नाही.

पत्र कार्यालयात द्या, आवक क्रमांक घ्या, आणि शिक्का मारलेल्या प्रतीची झेरॉक्स घरी ठेवा. पण ते सोमवारी. स्वेटरवाल्या मुलीशी उद्या शनिवार आहे, अर्धी शाळा आहे, साडेदहाला जिना रिकामा असतो, तेव्हा बोला.